त्या बारा जणांत मीही आहे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या आपल्या पुरवणीत पोटात फुगा बसवून किंवा तोंडावाटे नळी घालून पोटाला आतून टाके मारून, ऑपरेशनशिवाय वजन कमी करण्याविषयी अख्खं पान आलं होतं. ते मी घरी नाही, गाडीत वाचलं. कोणी एक गुरुजी पेपर सीटवर ठेवून उतरले आणि शेवटच्या फेरीला गाडी रिकामीच होती. पानावर एका बाईचे दोन फोटो होते. डावीकडे ढगळा गाऊन, मान खाली. उजवीकडे जीन्स, मोकळे केस, हसू. खाली छापलं होतं, 'सहा महिन्यांत १३ किलो कमी'. तो फोटो कधीचा, हे कुठंच नव्हतं. मी पेपराची घडी करून वेबिलाच्या, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदाच्या, पॅडमध्ये ठेवली. कारण उजवीकडच्या बाईसारखा माझाही एक फोटो आहे, डिसेंबर २०१९ चा.

मी एसटीत वाहक आहे. सासर दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात, घरी चार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. जून २०१९ मध्ये माझं वजन ९२ किलो होतं, उंची पाच फूट एक इंच. बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबात वजन किती त्याचा आकडा, ३८ निघाला. पण मला तो आकडा डॉक्टरांनी सांगायच्या आधी गाडीनं सांगितला होता. शाळेच्या वेळेला गाडी कशी भरते हे ज्यांनी आमच्या भागात प्रवास केला त्यांना सांगायला नको. मधली वाट एका माणसाची. त्यात पोट्टे दप्तरासकट उभे, म्हाताऱ्यांच्या पिशव्या खाली, आणि मी तिकीट मशीन छातीशी धरून आडवी सरकत जायची. एकदा बोरीच्या पुढं एक आजोबा सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, तुम्ही उतरा पयले, मंग आमी उतरतो." गाडी हसली. ड्रायव्हरभाऊ आरशात पाहून हसला नाही, त्याचं मला जास्त लागलं.

गुडघे दुखत होते, बीपीची गोळी चालू होती, शुगर काठावर. यवतमाळच्या डॉक्टरांनी वजन उतरवा म्हटलं. उतरवायचा प्रयत्न केला नव्हता असं नाही. दोन वेळच जेवायचं ते दीक्षित सरांचं आमच्या आगारात अर्ध्या लोकांनी केलं होतं, मीही चार महिने केलं. त्याचं मूळ काटोलच्या जिचकार साहेबांचं, म्हणून आपल्याकडं त्याला घरचा मान. पण मुक्कामी गाडीवर रात्री अकराला गाव लागतं, पहाटे पाचला सुटायचं. पंचावन्न मिनिटांत जेवण आटपायचं हे जमतं, ते जेवण कोणत्या पंचावन्न मिनिटांत मिळेल हे आपल्या हातात नसतं.

तर नागपूरला एका लग्नाला गेले असता मोठा बोर्ड पाहिला. ऑपरेशन नाही, टाका नाही, एका दिवसात घरी. चौकशी केली. खर्च १ लाख ८० हजार. साठ हजार साठवलेले होते, बाकीचं पतपेढीचं कर्ज, छत्तीस हप्ते. घरधनी म्हणाले, "अवो, एवढ्या पैशात विहिरीवर मोटर बसून जाते." सासूबाईंनी वेगळंच धरलं: "पोटात फुगा घालून राहिली म्हन्ते! आन फुटला तं?"

त्यांचा प्रश्न बरोबर होता. फुगा सिलिकॉनचा असतो. एंडोस्कोपीनं, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून, तोंडातून रिकामा आत नेतात आणि आत गेल्यावर मिठाच्या पाण्यानं भरतात. माझ्यात सहाशे मिली भरलं, त्यात निळा रंग मिसळलेला. फुगा गळला तर तो रंग लघवीत उतरतो, हिरवी-निळी लघवी दिसली की तडक यायचं, असं बजावून सांगितलं होतं. सहा महिने सासूबाई रोज सकाळी विचारायच्या, "सूनबाई, आज कोन्ता रंग?" शेजारणींना वाटायचं आमच्याकडं साड्यांचा धंदा सुरू झाला. हसायची गोष्ट झाली. पण फॉर्म इंग्रजीत होता आणि मी तो वाचल्याशिवाय सही केली, हे हसण्यासारखं नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्येच, पाण्याचा फुगा घातल्यावर महिन्याच्या आत झालेल्या पाच मृत्यूंबद्दल डॉक्टरांना सूचना काढली होती. ते मृत्यू फुग्यानंच झाले असं ठरलं नव्हतं. तरी मला कोणी सांगायला पाहिजे होतं.

पहिले चार दिवस पाण्याचा घोट उलटत होता. पोटात पीळ पडायचा, मी भिंतीला पाठ लावून बसून राहायची. मग एका सकाळी जाग आली आणि भूक नव्हती. हे बाकीच्यांना कळणार नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला भूक नव्हती. अर्धी भाकर, वाटीभर वरण, थोडी अंबाडीची भाजी, की झालं. फाट्यावरच्या आलुबोंड्याच्या कढईसमोर उभी राहून मी नुसता बिनसाखरेचा चहा घेतला, तर चहावाला म्हणाला, "ताई, उपास का आज?" तीन महिन्यांत आठ किलो गेले. पुढच्या तीन महिन्यांत चारच. डॉक्टर म्हणाले, असंच असतं, उतरायचं ते बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत उतरतं, नंतर पोटाला फुग्याची सवय होते. डिसेंबरात फुगा टोचून, पाणी ओढून, तोंडातूनच बाहेर काढला. वजन ८०. बीपीची गोळी अर्धी झाली होती. मधली वाट मला रुंद वाटत होती. दवाखान्यातल्या पोरीनं भिंतीजवळ उभं करून फोटो काढला, तोच तो.

इथवर ती गोष्ट आपल्या पुरवणीत छापण्यासारखी आहे. मला पुढचं सांगायचं आहे.

फुगा निघाल्यावर आठ-दहा दिवसांत भूक परत आली. नुसती आली नाही, थकबाकीसकट आली. जानेवारीत तपासणीला गेले तेव्हा ८१.५. आहारवाल्या मॅडमनी चार्ट दिला होता, त्यात ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल. मी विचारलं, जवसाची चटणी चालते का? त्यांनी कागदावर शोधलं, जवस कागदावर नव्हतं. मार्चमध्ये लॉकडाउन लागला, गाड्या उभ्या राहिल्या. ऑगस्टमध्ये मॅडमना फोन लावला तर त्या नोकरी सोडून गेल्या होत्या. दिवाळीला वजन ८६.

आणि मग २०२१ मध्ये, पावसाळा होता, दवाखान्यातून फोन आला. पोरगी गोड बोलत होती. "मॅडम, आम्ही फॉलोअप घेत आहोत, सध्या तुमचं वजन किती?" मी नेरच्या स्टँडवर होते. ८८ झालं होतं. मी म्हटलं, "ड्यूटीवर आहे, संध्याकाळी करते फोन." केला नाही. त्यांचा परत आला, उचलला नाही. मग त्यांनीही सोडून दिलं. वजन वाढलेली बाई काट्यावर कशाला जाईल? ज्याचं उतरलेलं असतं तो पेढे घेऊन जातो.

त्यानंतरचं थोडक्यात. २०२१-२२ च्या संपात पाच-साडेपाच महिने पगार नव्हता, फुग्याचे हप्ते मात्र चालू होते. संप मिटून कामावर गेले तेव्हा ९०. गोळी परत पूर्ण झाली. एवढी वर्षं मी हे माझंच पाप समजत होते. घरचेही तसंच समजत होते. मी तोंडाला आवर घातला नाही, झालं.

माझी मुलगी वर्ध्याला बी.एस्सी. नर्सिंग करते. आपल्या पुरवणीचं पान तिला दाखवलं तेव्हा तिनं कॉलेजच्या लायब्ररीतून दोन-तीन अभ्यास काढून मला मराठीत समजावून सांगितले. आपल्या पानात 'पाच वर्षांनंतरही वजन आटोक्यात' असं एक वाक्य होतं. ते टाक्यांच्या पद्धतीबद्दल होतं. त्यात पोट कापत नाहीत, तोंडावाटे आत जाऊन पोटाला चुण्या घालून टाके मारतात, म्हणजे पोटाची पिशवी अरुंद होते. त्या वाक्यामागचा अभ्यास न्यूयॉर्कच्या डॉक्टरांचा आहे, २०२१ मध्ये छापलेला. २१६ लोकांवर ही पद्धत केली. पाच वर्षांनी सरासरी १५.९ टक्के वजन कमी होतं. आकडा खरा आहे आणि चांगला आहे. पण मुलीनं बोट ठेवून दाखवलं की, पाच वर्षांच्या टप्प्याला पोचलेले लोक २१६ नव्हते, ६८ होते. आणि त्या ६८ पैकी ८२ टक्क्यांचीच माहिती मिळाली. हिशेब करा, मी तिकिटांचा हिशेब करणारी बाई आहे. छप्पन्न जण सापडले. बारा जण सापडले नाहीत.

त्या रात्री मला झोप आली नाही. ते बारा जण कोण असतील? काहींनी गाव बदललं असेल, काहींचा फोन बदलला असेल, एखादा इतका बरा झाला असेल की दवाखाना विसरला असेल. पण माझ्यासारखी, न्यूयॉर्कच्या कुठल्या बसस्टँडवर उभी राहून 'संध्याकाळी फोन करते' म्हणणारी, एक तरी असेलच ना? पहिल्या वर्षाला तर आणखी मोठी गळती आहे. २०३ पैकी ७० टक्केच मिळाले, म्हणजे साठेक माणसं गायब. सरासरी निघते ती सापडलेल्यांची. त्या डॉक्टरांनी लपवलेलं नाही, आकडे स्वतःच छापले आहेत. ते वगळले गेले आपल्या पानावर.

आमच्याकडं कापसाचं एक आहे. पहाटे वेचलेला कापूस दवानं जड असतो. म्हणून सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर काट्याच्या आधी ओलावा पाहतात, आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, बाराच्या वर गेला की गाडी परत. घरधनी दरवर्षी त्या मशीनला शिव्या देतात, पण त्यांनाही माहीत आहे की ओलाव्यासकट तोललेलं वजन खरं वजन नसतं. सहा महिन्यांचा फोटो तसाच आहे. फुगा आत असतानाचा कापूस तो. त्याचा ओलावा कोण कापणार?

आणखी एक गोष्ट मुलीनं सांगितली, त्यानं माझ्या डोक्यावरचं ओझं बरंच उतरलं. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये ५० लठ्ठ माणसांना दहा आठवडे अगदी कमी खायला देऊन वजन उतरवलं आणि वर्षभरानं त्यांचं रक्त तपासलं. भूक वाढवणारे आणि पोट भरल्याचं सांगणारे जे हार्मोन असतात ते वर्षानंतरही जागेवर आले नव्हते, भुकेच्या बाजूनंच झुकलेले होते. म्हणजे शरीर गेलेलं वजन परत मागत असतं, सावकारासारखं. आणि 'आवर घाला' या सल्ल्याचं काय होतं तेही मोजलेलं आहे. टाक्यांच्या पद्धतीचा २०२२ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात आलेला अमेरिकेतला अभ्यास आहे, २०९ लोकांचा. ज्यांना टाक्यांसोबत आहार-व्यायामाचं मार्गदर्शन मिळालं त्यांचं वर्षात १३.६ टक्के उतरलं. ज्यांना नुसतं मार्गदर्शन मिळालं त्यांचं ०.८ टक्के. एक टक्कासुद्धा नाही! मला वर्षानुवर्षं 'तोंड सांभाळा' म्हणणाऱ्या सगळ्यांना हा आकडा मी वेबिलावर लिहून देणार आहे.

एवढ्यावरून मी या उपचारांच्या विरोधात आहे असं कोणी समजू नये. दिग्रसकडच्या आमच्या एका सहकाऱ्यानं तीन वर्षांपूर्वी टाके घालून घेतले. ११० वरून ९३ झाले, आज ९६ आहेत. ते दर तीन महिन्यांनी नागपूरला जातात, कारण त्यांचा मुलगा तिथंच राहतो आणि राहायची सोय आहे. मला त्यासाठी एक रजा, येण्याजाण्याचा अख्खा दिवस आणि वर आहारवाल्या मॅडमची वेगळी फी लागायची. आमच्या दोघांत फरक आहे तो तोंडाचा नाही, असं मला आता वाटतं. अर्थात टाके आणि फुगा हाही फरक आहेच. टाके आत राहतात, फुगा निघून जातो. मला कोणी जूनमध्ये एवढं जरी सरळ बोललं असतं, की हे सहा महिन्यांचं भाडं आहे, घर नाही, तर मी कदाचित तरीही घेतलं असतं. पण छत्तीस हप्त्यांचं कर्ज काढून घेतलं नसतं.

'नवं तंत्रज्ञान' हा आपल्या पानावरचा शब्दही मला खटकला. पोटातला पहिला फुगा अमेरिकेत १९८५ ला मंजूर झाला होता आणि तीन वर्षांत बाजारातून गेला. नंतर चांगले फुगे आले हे खरं. आता तर गिळायचा फुगाही आहे, एंडोस्कोपीसुद्धा नको, चारेक महिन्यांनी आपोआप रिकामा होऊन निघून जातो. पण चाळीस वर्षं झाली म्हटल्यावर लोकांनी 'पुढं काय झालं' हे विचारायला हवं होतं. पोट कापायच्या ऑपरेशनबद्दल स्वीडनमध्ये १९८७ पासून २०१० माणसांचा माग ठेवला, वीस-वीस वर्षं. वजन, शुगर, हार्ट, कोण जगलं, कोण गेलं, सगळं. त्यासोबत ऑपरेशन न केलेल्या जवळपास तितक्याच लोकांचाही. तसं फुग्याचं कोणी आपल्या विदर्भात करील तर मी पहिली नाव देईन.

आता वजन उतरवायच्या इंजेक्शनांची हवा आहे. तालुक्याच्या मेडिकलवाल्याला लोक त्यांची नावं विचारतात. त्यातल्या एका औषधाचा अभ्यास मुलीनं दाखवला, बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश वजन परत आलं. ते पुढच्या पुरवणीत येईलच, म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

माझ्या मागण्या फार नाहीत. फोटो छापा, पण खाली तारीख छापा. त्याच बाईचं आजचं वजन विचारा, आणि तिनं फोन उचलला नाही तर 'संपर्क झाला नाही' असं छापा, तीही बातमीच आहे. दवाखान्यांनी फॉर्म मराठीत द्यावा. पाच वर्षांपूर्वीचे त्यांचे किती पेशंट आज सापडतात हा आकडा बोर्डावर लिहावा, जसं आम्ही गाडीवर आसनसंख्या लिहितो. आणि फॉलोअपचं वजन नागपूरलाच का मोजायचं? आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काटा आहे, आशाताई आहेत, त्या लेकरांचं वजन करतातच. तिथं कोणी 'काय खाल्लं' म्हणून डोळे वटारणार नाही. मी गेले असते.

मागच्या वर्षी माझा भाचा कोणाला तरी घेऊन त्या दवाखान्यात गेला होता. आल्यावर म्हणाला, "आत्या, तुझा फोटो पाह्यला, भिंतीवर आहे अजून. लय भारी दिसून राहिली." खाली लिहिलंय म्हणे, १२ किलो कमी. नाव नाही, तारीख नाही.

परवा सोमवारी सुट्टी होती. सकाळी चहा न घेता आरोग्य केंद्रात गेले, चपला काढल्या आणि काट्यावर उभी राहिले. आशाताईनं वहीत लिहिलं: ९०.४ किलो. फुगा काढून पाच वर्षं उलटून गेली आहेत. दवाखान्याला तो आकडा मी याच पत्राच्या झेरॉक्ससोबत पोस्टानं पाठवत आहे. आपणही छापावा.

आपली नम्र,
एक एसटी वाहक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ
(नाव छापू नये, ही विनंती. आगारात सगळ्यांना कळेलच.)